पट आणि टक्का



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप यांखेरीज दुसरे काय बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती फारशी चुकीचीही नसते. आज मात्र आम्ही शाळेविषयी बोलणार आहोत, आणि तेही मुख्यतः सहावी, सातवी व आठवी या तीन इयत्तांविषयी. या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर उत्तर थोडे अवघड आहे. आमचे स्वतःचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले. पुढे जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटापुढे बसून, आणि बरेचसे कामगार न्यायालयाच्या पायरीवर वकिलांची वाट पाहताना. तेव्हा आम्ही शिक्षणतज्ज्ञ म्हणून येथे आलेलो नाही. शाळेत आम्ही शिरलो ते मागच्या दाराने, म्हणजे स्वयंपाकघरातून.

शाळेत मुलांना दुपारचे जेवण मिळते हे आपणांस ठाऊक आहे. ते शिजविणाऱ्या बायका आमच्या संघटनेच्या सभासद आहेत. सरकारच्या भाषेत त्यांना कामगार म्हणत नाहीत, ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ म्हणतात. आणि त्यांना जे मिळते त्याला वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हणतात. हे मानधन २०२३ साली महिना १५०० रुपयांवरून २५०० रुपये झाले. त्यात मान किती आणि धन किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा आजचा मुद्दा निराळा आहे. या बाईची नोकरी मुलांच्या संख्येवर टांगलेली असते. पंचवीस मुलांपर्यंत एक बाई. सव्विसावे मूल आले तर दुसरी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. त्यामुळे शाळेत आज किती मुले आहेत, त्यांत मोठी किती आणि लहान किती, हे तिच्याइतके बिनचूक कोणालाच ठाऊक नसते. मास्तर हजेरी घेतात; ही माप घेते. या बायकांच्या सभा घेत गेली काही वर्षे आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यात फिरत आहोत. मानधनाची चर्चा संपली की प्रत्येक सभेत एकच बोलणे निघते: शाळेचा पट उतरतो आहे, पुढे कसे होणार.

पट का उतरतो, आणि पट उतरत असताना निकालाचा टक्का मात्र वर कसा चढतो, हा आजचा प्रश्न आहे.

सिंधुदुर्ग हा लहान जिल्हा. १ मे १९८१ रोजी तो रत्नागिरीतून निराळा झाला. देवगड, मालवण, वेंगुर्ले हे समुद्राकडचे तालुके, वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आणि दोडामार्ग हे सह्याद्रीच्या अंगाचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरांतली सत्त्याऐंशी माणसे खेड्यांत राहतात, आणि कोकणातले खेडे म्हणजे एक गाव नव्हे, तर डोंगरउतारावर विखुरलेल्या दहाबारा वाड्या. २००१ साली जिल्ह्याची वस्ती ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. त्या दहा वर्षांत साऱ्या महाराष्ट्राची वस्ती सोळा टक्क्यांनी वाढली, आणि येथे ती एकोणीस हजारांनी घटली. दुष्काळ नाही, साथ नाही, युद्ध नाही. त्या दशकात महाराष्ट्रात वस्ती घटलेले जिल्हे तीनच निघाले: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. ही तीन नावे एका ओळीत वाचली तेव्हा आम्ही कागद खाली ठेवला. गिरणगाव आणि गिरणगावाचे गाव, दोन्ही एकदमच रिकामी होत होती.

आणखी एक आकडा पाहा. २०११ साली जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या. साऱ्या महाराष्ट्रात हेच प्रमाण ९२९ होते. कोकणात बायकांचे कौतुक अधिक म्हणून हे झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. पुरुष गावात नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट आजची नाही. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली, आणि त्यानंतर शंभर सव्वाशे वर्षे रत्नागिरी जिल्ह्याने, म्हणजे त्या वेळच्या अखंड जिल्ह्याने, मुंबईला माणूस पुरविला. गावाकडे भात खायला चार महिने पुरे, उरलेले आठ महिने मनीऑर्डर. परळ-लालबागच्या एकेका गाळ्यात गावकरी पाळीपाळीने झोपत, आणि त्यांतूनच गावोगावची मंडळे उभी राहिली. या मंडळांनी देवळांचे जीर्णोद्धार केले हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांनी शाळा बांधल्या, हे तितकेसे सांगितले जात नाही. आजही कोकणातल्या एखाद्या हायस्कुलाच्या पाटीवर संस्थेचे नाव वाचावे, आणि शेवटी स्वल्पविराम देऊन ‘मुंबई’ असे लिहिलेले आढळावे. दिवसभर साच्यावर उभे राहणाऱ्या माणसाने महिन्याला आठ-बारा आणे देऊन आपल्या गावच्या पोरांसाठी वर्ग बांधला, ही आपल्या प्रांताच्या इतिहासातली लहान गोष्ट नव्हे.

मात्र त्याने तो वर्ग कशासाठी बांधला, हेही पाहिले पाहिजे. पोराने गावातच राहून उत्तम शेती करावी म्हणून नव्हे. पोराला साच्यावर उभे राहावे लागू नये, त्याला टेबलखुर्ची मिळावी, म्हणून. एका काळी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेला माणूस मास्तर होई, तलाठी होई, पोस्टात चिकटे. तेव्हा कोकणातली शाळा पहिल्यापासून बाहेर पडण्याचा रस्ता होती. ती जितकी चांगली चालेल तितकी मुले गावाबाहेर जाणार, आणि त्या मुलांची मुले त्या शाळेत येणार नाहीत. शाळेने आपले काम चोख केले, म्हणून तिचा पट उतरला. असा धंदा जगात दुसरा नसेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील साचेवाले होते आणि आम्ही सातवीत होतो, म्हणून आमची सातवी मुंबईत सुरू होऊन गावी संपली. त्या एका वर्षात गावच्या शाळेत बाके कमी पडली होती, असे आठवते. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि रस्ता मात्र बंद झाला नाही. फक्त त्याचे टोक बदलले. आता कोणी विरार-नालासोपाऱ्याला जातो, कोणी पुण्याला. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडचा तरुण सकाळी मोटारसायकलीवर बसून गोव्यातल्या कारखान्यात किंवा हॉटेलात जातो आणि रात्री परत येतो. गोव्याला जाणाऱ्याचे पोर निदान गावच्या शाळेत असते, हे त्यातले बरे.

आता टक्क्याकडे येऊ. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ राज्याच्या नऊ विभागांत दरसाल पहिले येते. या विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. २०२४ साली राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, कोकणाचा ९९.०१, २०२५ साली राज्याचा ९४.१०, कोकणाचा ९८.८२. वर्तमानपत्रांत ‘कोकणची मुले हुशार’ असे मथळे येतात, आणि आपणही पेढे वाटतो. पेढे वाटू नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्या आकड्यामागे शिक्षकांचे कष्ट आहेत, आयांचे कष्ट आहेत, आणि शिक्षणाखेरीज आपल्याला दुसरी इस्टेट नाही हे तीन पिढ्यांचे शहाणपण आहे.

पण टक्का म्हणजे काय, हे आम्ही कामगारांना पगारवाढीच्या वेळी नेहमी समजावून सांगतो. टक्का ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: कशाचा टक्का? निकालाचा टक्का परीक्षेला बसलेल्यांचा असतो. जो बसला नाही तो नापास होत नाही. तो हिशेबातच नसतो. शिवाय नऊ विभागांत कोकणात परीक्षार्थी सर्वांत कमी. आणि आकडे लहान झाले की टक्का वेड्यासारखा उड्या मारतो. समजा, एका वाडीच्या शाळेत सातवीत सहा मुले आहेत. त्यांतल्या एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला, तर शाळेचा निकाल सतरा टक्क्यांनी घसरला. पुढच्या वर्षी त्याला ताप आला नाही, की शाळेची ‘प्रगती’ झाली. असल्या आकड्यांवर शाळांचे क्रम लावणारे लोक आहेत. गिरणीत सहा साच्यांच्या उत्पादनावरून कोणी साऱ्या खात्याची बढती ठरविली असती, तर आम्ही दुसऱ्या दिवशी दारात सभा घेतली असती.

दहावीचा टक्का तरी डोळ्यांपुढे असतो. सहावी ते आठवीचे काय? पाचवीपर्यंत मूल लहान म्हणून त्याचे कौतुक, नववी-दहावीला बोर्ड म्हणून त्याची काळजी. मधल्या तीन वर्षांकडे पाहावयास कोणी मोकळा नाही. आणि खरे बिघडते ते याच तीन वर्षांत. ‘प्रथम’ या संस्थेकडून देशभरच्या खेड्यांत मुलांच्या घरी जाऊन एक पाहणी होते. तिला असर म्हणतात. पाहणीत मुलाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागावयास सांगतात. २०२४ साली देशातल्या ग्रामीण भागात आठवीच्या शंभर मुलांपैकी शेहेचाळीस मुलांना हा भागाकार आला. चोपन्न मुलांना आला नाही. हा आकडा साऱ्या देशाचा आहे, सिंधुदुर्गाचा नव्हे. पण आठवीच्या वर्गात बसणे आणि आठवीचे येणे या दोन गोष्टी किती दूर जाऊ शकतात, हे त्यावरून कळेल. भागाकार न येणारे मूल नववीत बीजगणिताला भिडते, तेव्हा ते गणितात ‘कच्चे’ ठरते. ते कच्चे नसते. त्याला तीन वर्षे शिकवायला गणिताचा शिक्षक नसतो.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहणे उपयोगाचे आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की सहावी ते आठवीसाठी दर वर्गामागे निदान एक शिक्षक हवा, आणि त्यांत विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक, भाषांना एक असे निरनिराळे हवेत. पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असा नियम आहे. किती शहाणा कायदा! बाराव्या वर्षी मुलाचे डोके फुटते, म्हणजे प्रश्नांचे मोहोळ उठते. त्या वेळी ज्याला विषय येतो असा माणूस त्याच्यापुढे हवा, एवढे कायदा करणाऱ्यांना समजले होते.

प्रत्यक्षात वाडीवरच्या शाळेत काय असते? दोन शिक्षक, सात इयत्ता. एक मास्तर एका खोलीत पहिली ते चौथीला घेऊन बसतो, दुसरा पाचवी ते सातवीला. पाचवीला अपूर्णांक देऊन तो सातवीच्या फळ्याकडे वळतो, तोवर तालुक्याहून माहिती मागविणारा निरोप येतो: आज दुपारपर्यंत अमुक तक्ता भरून पाठवा. मास्तर मोबाइल घेऊन रेंज शोधावयास काजीच्या झाडाखाली जातो. हे आम्ही निंदेने सांगत नाही. आम्ही पाहिलेल्या शिक्षकांत काही जण इतके चांगले होते की त्यांना कामगारांचे अभ्यासवर्ग घ्यावयास बोलवावेसे वाटले. पण एका माणसाच्या माथी तीन माणसांचे काम मारले तर त्याला आमच्या धंद्यात ‘कामवाढ’ म्हणतात, आणि कामवाढीने माल बिघडतो हे गिरणीमालकालाही कळत असे.

तीन किलोमीटरचेही तसेच. नकाशावरचे तीन किलोमीटर आणि कोकणातले तीन किलोमीटर यांत एक वहाळ, एक साकव आणि चार महिन्यांचा पाऊस असतो. सह्याद्रीच्या अंगावरच्या धनगरवाड्यांतून खाली शाळेला येणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. ती सकाळी उतरतात आणि संध्याकाळी चढतात. मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत एस.टी.चा पास फुकट मिळतो, ही उत्तम गोष्ट आहे, फक्त एस.टी. वाडीपर्यंत जात नाही.

तर आता या वर्गात बसलेले कोण आहे? कोणी निघून गेले, हे आपण पाहिले. मुंबईला गेलेल्यांची मुले गेली. त्यानंतर गावातच राहणाऱ्यांपैकी ज्यांना थोडे परवडते त्यांची मुले पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली. उरली ती मोलमजुरी करणाऱ्यांची, वाड्यांच्या टोकाला राहणाऱ्यांची, आणि काही आजी-आजोबांपाशी ठेवलेली. एवढेच असते तर गोष्ट साधी होती. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या जिल्ह्यात उलट्या दिशेनेही माणसे येऊ लागली आहेत, आणि त्यांच्याविषयी आपल्या सभांतून फारसे बोलले जात नाही.

आपण आज आंबा खाऊन येथे आला असाल. देवगडच्या बागेत तो आंबा वानरांपासून आणि चोरांपासून कोणी राखला? बहुधा नेपाळातून आलेल्या कुटुंबाने. ही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, बागेत पत्र्याच्या खोपीत राहतात, फवारणीला, राखणीला, तोडणीला हात लावतात, आणि आंबा संपून पाऊस आला की परत जातात. आपल्या गावच्या नव्या घराच्या भिंती ज्या जांभ्या चिऱ्याच्या आहेत, तो चिरा कोणी काढला? खाणीवर पुष्कळ माणसे विजापूर-बागलकोटकडून आलेली. चिऱ्याची खाण पावसात पाण्याने भरते. म्हणून तीही दसऱ्यानंतर सुरू होते आणि मे अखेर थांबते. मालवण-वेंगुर्ल्याच्या बोटींवरही परप्रांतीय खलाशी आहेत. ज्या खेड्यातला माणूस मुंबईला मजुरी करावयास गेला, त्या खेड्यात दुसऱ्या खेड्यातला माणूस मजुरी करावयास आला. एका वेळी आपण जे होतो ते आज हे आहेत. त्यांना ‘भय्या’, ‘गुरखा’, ‘घाटी’ म्हणून हाक मारताना आपल्या वडिलांना परळमध्ये कोणी काय म्हणत असे, ते थोडे आठवावे.

या माणसांबरोबर त्यांची मुले येतात. आमच्या एका सभासद बाईने सांगितले की दिवाळीची सुट्टी संपली की तिच्या चुलीवरचे मोठे पातेले खाली उतरते. बागेवरचा एक मुलगा नोव्हेंबरात आला तेव्हा त्याला मराठीचा शब्द येत नव्हता. शिमग्यापर्यंत तो मालवणी इतकी बोलू लागला की वर्गातल्या पोरांना तो गाळी देतो अशी तक्रार मास्तरांपाशी गेली. भाषा शिकल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? पण मे महिन्यात तो गेला. दाखला नाही, निकालपत्र नाही. पुढच्या वर्षी कुटुंब दुसऱ्या बागेत गेले, तर तो दुसऱ्या शाळेत पुन्हा पहिल्या बाकावरून सुरुवात करणार.

आता ऐका, खरी गोम येथे आहे. शाळेला शिक्षक किती द्यावयाचे हे सरकार दरवर्षी ठरविते. त्याला संचमान्यता म्हणतात. ती मुलांच्या पटावरून ठरते, आणि तो पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. ३० सप्टेंबर! त्या दिवशी कोकणात पाऊस अजून मागे हटलेला नसतो. आंब्याची राखण सुरू झालेली नाही, खाण भरलेली आहे, बाहेरचा मजूर आलेला नाही. ज्या जिल्ह्याचे काम दसऱ्यानंतर सुरू होते, त्याची मोजणी दसऱ्याच्या तोंडाशी करावयाची. नोव्हेंबर ते मे, म्हणजे शाळेचे निम्म्याहून जास्त वर्ष, जी मुले वर्गात बसतात, जेवतात, शिकतात, ती शिक्षक मोजताना नसतातच. त्यांतही अलीकडे आधार क्रमांक पडताळून झालेलीच मुले मोजणीत धरण्याचा प्रघात पडला आहे. बागेवरच्या मुलांचे कागद तेथेही अडतात. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. प्रवेश मिळतो, हे आम्ही साक्षीने सांगतो. आमच्या पाहण्यात कोकणातल्या मास्तराने अशा पोराला दारातून परत पाठविले नाही. पण प्रवेश मिळालेल्या मुलासाठी शिक्षक मिळत नाही. सरकार त्याला १५० ग्रॅम तांदूळ देते, आणि गणिताचा मास्तर देताना ते मूल सरकारला दिसत नाही.

आणि पट कमी दिसला की पुढे काय होते? डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी मुलांच्या तेराशेच्या वर शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात झाला. त्यांत कोकणातल्या शाळा पुष्कळ होत्या. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तांचे पत्र निघाले, की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव पाठवा. तोरणमाळ आणि पानशेत ही त्याची उदाहरणे म्हणून दिली होती. राज्यात अशा शाळा १४,७८३ आणि त्यांत मुले १,८५,४६७, म्हणजे शाळेमागे साडेबारा मुले, असा त्या वेळचा सरकारी आकडा होता. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि वीसपेक्षा कमी मुले असलेल्या सहावी ते आठवीच्या वर्गांची शिक्षकपदेच धोक्यात आली.

सरकारची बाजू अगदी पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. पाच मुलांना दोन शिक्षक हा खर्च आहे. पाच मुलांत कबड्डी होत नाही, वादविवाद होत नाही, आपल्यापेक्षा हुशार कोणी वर्गात भेटत नाही, हेही खरे. चांगली इमारत, विषयाविषयाला शिक्षक, दाराशी येणारी गाडी, एवढे जर खरोखर मिळणार असेल, तर आठवीच्या मुलासाठी मोठी शाळा वाईट नाही. पण आमचा अनुभव असा आहे की एकत्रीकरणात आधी जुने दार बंद होते. नवी गाडी नंतर येते, आणि पुष्कळदा पुढच्या अंदाजपत्रकात येते. त्या मधल्या काळात पहिली गळते ती सातवीतली मुलगी. मुलग्याला सायकल मिळते, मुलीला धाकटे भावंड मिळते.

शिक्षक कमी म्हणून आईबाप मूल काढतात. मूल काढले म्हणून पट कमी. पट कमी म्हणून शिक्षक कमी. गिरणीच्या शेवटच्या दिवसांत हेच पाहिले. आधी एक पाळी बंद, मग उत्पादन घटले म्हणून दुसरी बंद, आणि शेवटी ताळेबंद दाखवून सांगावयाचे की गिरणी चालतच नव्हती.

शिक्षकांविषयी दोन शब्द, कारण ते आमचे धंदेभाऊ आहेत. या जिल्ह्यात परजिल्ह्यातले शिक्षक पुष्कळ नेमले गेले. २०२३ साली आंतरजिल्हा बदल्या झाल्या, ते आपापल्या घरी गेले, आणि जिल्ह्यातल्या अनेक शाळांत एकही शिक्षक उरला नाही. आपल्या गावी बदली मागणे यात गुन्हा नाही. आम्ही त्यांच्या जागी असतो तर तेच मागितले असते. त्याच वेळी जिल्ह्यातले डी.एड. झालेले तरुण, बहुतेक मुलीच, स्थानिकांना नेमा म्हणून आंदोलने करीत होते. त्यांपैकी काहींना तात्पुरते मानधनावर घेतले. नियमित नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावयाची. त्याचे मानधन २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,००० रुपये. पुन्हा तेच मानधन! ज्या शाळेत बाई मानधनावर शिजविते आणि बाई मानधनावरच शिकविते, त्या शाळेत कायमचे असे फक्त छप्पर असते, आणि तेही मुंबईच्या मंडळाने घातलेले.

आमच्या संघटनेची मागणी लहान आहे. ३० सप्टेंबरबरोबर ३१ जानेवारीचाही पट धरावा, आणि दोहोंत जो मोठा त्यावर सहावी ते आठवीचे शिक्षक द्यावेत. एवढ्याने वाड्या पुन्हा भरणार नाहीत. मुंबईला गेलेला माणूस एका शासननिर्णयाने परत येत नसतो. पण आज जी मुले बाकावर बसलेली आहेत ती निदान कागदावर बसतील. ही मागणी आम्ही तालुक्याला केली, जिल्ह्याला केली. साहेबांनी नीट ऐकून घेतले आणि पुरावा मागितला. पुरावा मागणे रास्तच आहे.

आता या सभागृहातल्या मंडळींकडे वळतो. आपल्यापैकी पुष्कळांचे घर तिकडे आहे. ते हात वर करून सांगावयास नको, मधल्या वाक्यांना कोठे हसलात त्यावरून कळले. गणपतीला आणि शिमग्याला आपण जाता, आणि मेच्या सुट्टीत आंब्याला जाता. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा असते, आणि त्या सकाळी शाळाही झेंडावंदनाला उघडी असते. बागेवरच्या मुलाच्या बापाला त्या ग्रामसभेत मत नाही. आपल्यापैकी काहींचे मत मात्र अजून गावच्या यादीत आहे. ते कायद्यात कितपत बसते या चर्चेत आज आम्ही शिरत नाही. गावात शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या समितीच्या बायकांना भेटा. आणि शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन या.

तेथे पोषण आहाराची नोंदवही असते. तिच्यात रोजची तारीख, जेवलेल्या मुलांची संख्या इयत्तांप्रमाणे, आणि शिजविलेला तांदूळ एवढेच लिहिलेले असते. सप्टेंबराचे पान आणि जानेवारीचे पान शेजारी ठेवावे, आणि दोन्हींची नक्कल मागावी. मुख्याध्यापक बहुधा देतीलच, कारण त्यांनाही शिक्षक हवा आहे. न दिल्यास माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. अशा पन्नास गावांच्या नकला जूनपर्यंत आमच्या कचेरीत आल्या, तर साहेबांनी मागितलेला पुरावा आम्ही त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू.